पाया खणण्याआधी मोजणी



घर बांधायचे ठरले की आपण विटांचा भाव काढतो, गवंडी ठरवतो, पंचांगात मुहूर्त पाहतो. दाराचे तोंड कोणत्या दिशेला, यावर घरात चार दिवस खल चालतो. पण ज्या जागेवर पाया खणायचा ती नेमकी कुठून कुठवर आपली, हे आधी मोजून घेणारा घरधनी विरळा.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत माझी बहुतेक नोकरी झाली. मी शेतकी खात्याचा माणूस. बियाणे, खत, कीड हे माझे काम. तरी बांधावर उभा राहिलो की लोक पिकाच्या आधी बांधाचेच गाऱ्हाणे काढतात. "साहेब, सातबारा माझ्याकडं आहे," असे दोघेही छातीठोक सांगतात. आणि दोघेही खरेच बोलत असतात! कारण सातबाऱ्यावर मालकाचे नाव आणि क्षेत्र असते. जमिनीवरची हद्द नसते. हद्द असते ती भूमी अभिलेख कार्यालयातील नकाशात आणि टिपणात.

बांध सरकतो तो दर वेळी कोणी कोरला म्हणूनच, असेही नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तीत पुरलेला दगड कलतो, खचतो. उताराचा बांध एखाद्या पावसात वाहून जातो आणि मग औत जिथे वळेल तिथे नवा बांध पडतो. दोन पिढ्या गेल्या की तोच खरा वाटू लागतो.

थोडा हिशेब करू. बांधाची लांबी ६०० फूट धरा आणि सरकला तो २ फूट. झाले १,२०० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एकरी ८ क्विंटल सोयाबीन धरले तर एका गुंठ्यात २० किलो येईल. या २० किलोंसाठी वर्षानुवर्षे तारखा चालतात. एका तारखेला वकील, एस.टी. आणि बुडालेली मजुरी धरली तर त्या वर्षाचे सोयाबीन तिथेच संपते. शेतात निदान पुढच्या वर्षी बांध नीट करता येतो. घराची भिंत मात्र एकदा उभी राहिली की पाडावीच लागते.

कंधार तालुक्यातील आमच्या शेतात आखाड्याच्या जागी पक्के घर बांधायचे आम्ही ठरवले. शेजारचे रान चुलत्यांचे. चुलते आता नाहीत. काकू आणि अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलत भाऊ, ते रान करतात. अर्ज देण्याआधी मी त्यांच्या घरी गेलो, तर बातमी माझ्या आधीच पोचलेली. काकू म्हणाल्या, "मोजणी आणायलास म्हणं. आमी काय तुझं रान चोरलं का?"

मी म्हणालो, "काकू, तुमचं आमचं बरं चाललंय तवरच मोजून घेऊ. उद्या पोरांनी भांडायला नको." त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला.

मोजणीच्या दिवशी अण्णा आले. भूकरमापकाने यंत्र लावले, नकाशाशी मेळ घातला आणि खुणा दाखवल्या. घराची जी भिंत मी मनात धरली होती, ती ३ फूट काकूंच्या रानात जात होती. उलट दुसऱ्या टोकाला त्यांची वहिवाट आमच्यात आलेली निघाली. अण्णा नुसते हसले. संध्याकाळी काकू स्वतः बांधावर आल्या. म्हणाल्या, "दगड पुरा. पन आमची पायवाट मोडू नको." तेव्हा उमगले, त्यांना भीती जमिनीची नव्हतीच, घर झाले की विहिरीकडची वाट बंद होईल, याची होती. त्याच आठवड्यात वाट लिहून काढली, दोन्ही घरांच्या सह्या झाल्या आणि मगच पाया खणला.

आता रीत सांगतो. तालुक्याला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांचे कार्यालय असते. तिथे चालू सातबारा, लगतच्या खातेदारांची नावे-पत्ते आणि मोजणी फी भरून अर्ज द्यावा. लवकर हवी असेल तर फी जास्त पडते. लगतच्यांना नोटीस जाते, तारीख मिळते. तारीख शक्यतो फाल्गुन ते वैशाख धरावी, म्हणजे रान मोकळे असते. त्या दिवशी चुना, दगड आणि दोन माणसे हाताशी ठेवा, आणि खुणा दाखवल्या की लगेच दगड पुरा. पुढे 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आठवणीने मागून घ्या. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. मात्र भूकरमापक हद्द दाखवतो. अतिक्रमण काढून ताबा देणे हे त्याचे काम नाही.

मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. निजामाच्या काळातील सेतवार उर्दूत आहे. त्यानंतरचे १९५४-५५ चे खासरा पत्रकही पुष्कळ घरांनी कधी पाहिलेले नसते. पाया खणण्याआधी या जुन्या कागदांच्या नकला काढून ठेवाव्यात.

ज्यांचे घर गावठाणात आहे त्यांनी ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा कागद, असे समजू नये. ती कर आकारणीची नोंद आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणाचे नकाशे होतात आणि घरधन्यास मालमत्ता पत्रक मिळते. ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. त्या दिवशी घरातले जाणते माणूस हजर हवे. घरधनी कामाला पुण्या-मुंबईला असेल तर घरातल्या बाईने पुढे होऊन आपली हद्द दाखवावी. रेघ चुकीची पडली तर नकाशाही तसाच होईल.

भिंत हीच हद्द, ही आपली जुनी समजूत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती कोसळल्या, सुमारे ८,००० माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली आणि तिथे प्लॉट मोजून आखून द्यावे लागले. भिंत पडते आणि ती कुठे होती हे सांगणारा माणूसही जातो. मोजणीचा नकाशा कार्यालयात राहतो.

तेव्हा यंदा कोणी घराला हात घालणार असेल तर त्याने आधी शेजाऱ्याच्या दारी जावे आणि मोजणी आणतोय हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. नोटीस त्यानंतर पोचू द्यावी. शेजाऱ्याची अडचण काय ती विचारावी, आणि मोजणीच्या दिवशी त्यालाही बांधावर बोलवावे.