लाल-निळी

२१ डिसेंबर, रविवार

आजचा चहा सरांच्या गच्चीवर. थंडी चांगलीच पडलीय. उन्हामागे खुर्च्या सरकवत अकरा वाजेस्तोवर सर, सुभेदार आणि मी, आम्ही तिघं पाण्याच्या टाकीला टेकलो. शिरस्ता नेहमीचाच. कप हातात येण्याआधी सध्या काय वाचतोय ते प्रत्येकानं सांगायचं. ज्यानं काही वाचलं नाही, त्यानं पुढच्या रविवारी भजी आणायची.

सरांनी जॉन कीगनचं 'द फेस ऑफ बॅटल' पुन्हा काढलंय. १९७६चं पुस्तक. लेखक इंग्रजांच्या सँडहर्स्ट अकादमीत लष्करी इतिहास शिकवायचा, आणि आपण लढाई कधी पाहिलेली नाही हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मग अजँकूर, वॉटर्लू आणि सोम या तीन लढाया घेऊन एकच गोष्ट धुंडाळतो. रांगेतल्या माणसाला तिथं नेमकं काय दिसलं असेल?

"धूर," सुभेदार म्हणाले. "आणि पुढच्याची पाठ."

सरांनी ते तिथल्या तिथं मलपृष्ठाच्या आत टिपून घेतलं.

सुभेदारांकडे रसेल ब्रॅडनचं 'द सीज' आहे, कूत-अल-अमाराच्या वेढ्यावरचं. माझ्याकडे शेजवलकरांचं 'पानिपत १७६१', चौथ्यांदा. "भाऊसाहेब, निकाल तोच लागणार आहे," सर म्हणाले. मी म्हटलं, या खेपेला फक्त दाण्यागोट्याच्या ओळी वाचतोय.

तहसिलीत पुरवठा शाखेत एकतीस वर्षं घासली. लोक तेव्हापासून भाऊसाहेब म्हणतात. निवृत्त होताना कचेरीतली एकच वस्तू घरी आणली, लाल-निळी दुटोकी पेन्सिल. ती मधोमध मोडून लाल तुकडा सुभेदारांना दिला, निळा मला. सर त्यांची शिसपेन्सिल वापरतात. पुस्तक तिघांकडून फिरून आलं की कोण कुठं थांबलं ते लगेच कळतं. सर थांबतात वाक्यापाशी, मी पोत्यांपाशी. सुभेदार फक्त मेलेल्यांच्या आकड्यांखाली रेघ मारतात. सेनापतीच्या नावाखाली त्यांनी रेघ मारलेली मी अजून पाहिलेली नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सदाशिवरावभाऊंची स्वारी उत्तरेकडे निघाली ती आमच्याच जिल्ह्यातल्या परतूरहून, १४ मार्च १७६० रोजी. आज परतूर म्हटलं की साखर कारखाना आणि रेल्वे स्टेशन आठवतं. तिथून निघालेल्या माणसांना पुढची संक्रांत पानिपतावर येणार हे ठाऊक नव्हतं.

मी नुसता रस्त्याचा हिशेब करत बसलो. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा धान्य बरंच हाती लागलं. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि भाऊ व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त, यात्रेकरूसुद्धा, आणि तोंडं सगळ्यांनाच. अब्दालीची रसद तोडायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्यानंतर छावणीची वाट बंद झाल्यासारखीच.

राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात त्या वर्षांतली पत्रं आहेत. ती वाचताना मला कचेरीत बसल्यासारखं होतं. वसूल का आला नाही, रक्कम कुठं अडली, केव्हा पाठवता. मागणी, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. साठेबुकात जमा झालेला दाणा तोंडात पडेपर्यंत किती अंतर असतं, ते मी एका पावसाळ्यात शिकलोय. साठा नोंदवहीत पुरेपूर होता, गोदामात निम्मी पोती. "बेरीज जुळतेय ना?" वरिष्ठांनी विचारलं. जुळत होती. मी सही केली. नाल्यापलीकडच्या गावाला अकरा दिवस धान्य गेलं नाही. पुढं कुणी चौकशी केली नाही, म्हणून ते माझ्याच डोक्यात राहिलं.

शेजवलकरांच्या त्या पानाला निळी रेघ मारताना पेन्सिलीचं टोक तुटलं.

२८ डिसेंबर, रविवार

आज गच्चीऐवजी असई. सरांच्या पुतण्याच्या गाडीतून भोकरदनमार्गे गेलो. सोबत रँडॉल्फ कूपर यांचं इंग्रज-मराठा मोहिमांवरचं २००३चं जाडजूड पुस्तक, थर्मास, आणि हिनं बांधून दिलेल्या धपाट्या.

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोहलमान नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली. पलीकडून आर्थर वेलस्ली आला, हाच पुढं वॉटर्लूचा वेलिंग्टन. त्याला केळणा ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की इथं उतार नाही. त्यानं पाहिलं, अलीकडच्या काठावर पिंपळगाव, पलीकडे बरोबर समोर वरूड. एवढी जवळजवळची दोन गावं आहेत म्हणजे ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असणार. त्यानं घोडी घातली आणि उतार निघाला.

इंग्रजी पुस्तकांत याला प्रतिभेचा नमुना म्हणतात. आम्ही काठावर उभे होतो. पाणी घोट्याएवढं, दगडांवर शेवाळ, पलीकडून एक बाई शेरडं घेऊन उतरत होती. तिला विचारलं, कुठल्या तुम्ही? "दिलेली तिकडं, माहेर इकडं," ती म्हणाली.

सुभेदार हसायला लागले. "लेक दिली की वाट पडतेच. त्यात प्रतिभा कसली? वाटाड्यांनी सांगितलं नाही, एवढंच."

असेलही. वाटाड्यांना खरंच ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. कूपर यांचा मुद्दा मात्र मला पटलाय. मराठ्यांची तोफ मागासलेली नव्हती आणि कवायतही कच्ची नव्हती. कंपनीकडे रोकड आणि पत होती, आणि भाड्यानं लढणाऱ्या मनुष्यबळाचा सगळा बाजारच तिनं हळूहळू खिशात घातला. वेलस्लीचं मला कौतुक आहे ते वेगळ्या कारणानं. त्याच्या पत्रांत बैल, तांदूळ आणि दारूचे पिंप पानोपानी येतात. ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतला तो आधी कोठार म्हणून वापरला, मग पुढं सरकला. आमच्या शाखेत हा माणूस नांदला असता.

१ जानेवारी, गुरुवार

रात्री असईचं प्रकरण पुरं केलं. कंपनीकडचे मेलेले ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८. मोजदाद अगदी शेवटच्या माणसापर्यंत. सुभेदारांची लाल रेघ तिन्ही आकड्यांखाली. शेजारी समासात त्यांनी लाल प्रश्नचिन्ह काढलंय आणि लिहिलंय, "आपले?"

शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. वरून पलटण पुढं गेली तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काहीजण उठले आणि त्याच तोफा पाठीमागून डागल्या. शत्रूनं हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला देता येणार नाही. पोहलमान कुठून आला ते मात्र मी रविवारी घडाघडा सांगत होतो.

४ जानेवारी, रविवार

भजी आज माझ्याकडून, कारण आठवडाभर एकच पुस्तक चघळत बसलो. आमच्या बैठकीत हिला कधी रस नव्हता. आज भज्यांची परात ठेवता ठेवता म्हणाली, "मीही लढाईचंच वाचतेय."

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. वरसईचा भिक्षुक, घरचं कर्ज फेडायला दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेला आणि १८५७च्या बंडात सापडला. ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला तेव्हा हा आत होता. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. ते लष्करी इतिहासात धरायचं का, यावर सर आणि सुभेदार यांची जुंपली. सरांचं म्हणणं, हे प्रवासवर्णन. सुभेदार म्हणाले, "वेढ्याच्या आत होता ना? मग झालं. तुमच्या कीगनपेक्षा जवळ होता."

हिचं म्हणणं तिसरंच. "तुम्ही पोती मोजता, हे मेलेले मोजतात. वेढ्यात दळत कोण होतं, ते या भटजीबुवांना विचारावंसं वाटतं. गहू दिसला म्हणजे पोळी झाली, असं सगळ्या पुरुषांना वाटतं."

भजी थंड झाली. मी निळी पेन्सिल तिच्यापुढं सरकवली. तिनं घेतली नाही. तिची खूण म्हणजे पानाचा कोपरा दुमडणं, आणि त्यावर सर नाराज असतात.

१० जानेवारी, शनिवार

'द सीज' माझ्याकडे आलंय. दोन दिवसांत निम्मं झालं.

पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन, जनरल टाउनशेंड, टायग्रिसच्या वळणावरचं कूत. तुर्कांचा वेढा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. सुभेदारांच्या रेजिमेंटचे हे पूर्वज. म्हणूनच पुस्तक वाचायला त्यांना दीड महिना लागला असावा.

आत धान्य होतं, पण जव बराचसा अखंड. गिरणीचे दगड विमानातून टाकावे लागले. हे हिला वाचून दाखवलं. मान हलवून ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. बोलली काही नाही, जिंकलेल्या माणसाला बोलावं लागत नाही. पुढं घोडे कापले. आपले लोक ते मांस खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली, तरी कित्येकांच्या घशाखाली उतरेना. एप्रिलात विमानं पिठाची पोती टाकत होती, त्यातली काही नदीत, काही तुर्कांच्या हद्दीत.

संध्याकाळी हे सुभेदारांपुढं काढलं. ते बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "सियाचीनला आम्हालाही वरूनच यायचं. घरघर ऐकू आली की बाहेर पळायचं. डबा बर्फात गेला की गेला. रॉकेलचा डबा गेला की रात्रभर त्या जागेकडं बघत बसायचं." पंचवीस वर्षांच्या शेजारात सियाचीनबद्दल त्यांच्या तोंडून एवढं पहिल्यांदाच ऐकलं. मी पुढं विचारलं नाही.

रात्री अकरा. शेवटाजवळचं पान. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन, तुर्कांच्या तोफांखालून कूतकडं निघाली. सवयीनं हिशेब केला. पन्नास किलोची साधारण साडेपाच हजार पोती, सत्तावीस ट्रक. आमच्या गोदामात हमाल भरपूर असते तर दोन दिवसांचं काम. बोट वाटेतच अडकली आणि तुर्कांच्या हाती गेली. तिच्यावरचे दोन्ही अधिकारी मेले. पाच दिवसांनी कूत पडलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली, त्यातली हजारो परत आलीच नाहीत.

'२७० टन'खाली निळी रेघ ओढायला गेलो तर तिथं लाल होती. मेलेल्यांखाली नाही, टनांखाली. इतकी दाबून की पलीकडच्या पानावर उठलीय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पानिपताला आज २६५ वर्षं झाली. सकाळी दोघंही तीळगूळ घ्यायला आले. सर म्हणाले, वार बुधवारचा असला तरी बैठक होऊन जाऊ दे.

'द सीज' आता सरांकडे जाणार. मी पुस्तक त्यांच्या हातात देताना सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी तिळाचा लाडू तोंडात टाकला. सर पानं चाळत म्हणाले, "कुठलं पान मुद्दाम बघू?"

"तुमचं तुम्हीच बघा," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

मग सुभेदारांनी शेजवलकरांचं 'पानिपत' मागून घेतलं. माझ्या रेघा चाळल्या. बुंदेल्यांच्या पानापाशी थांबले, तिथं पेन्सिलीचं टोक तुटल्याचा निळा ठिपका अजून आहे. "इथं काय झालं?"

इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगितलं. नोंदवही, निम्मी पोती, माझी सही, अकरा दिवस.

सुभेदार काही म्हणाले नाहीत. खिशातून लाल तुकडा काढला, अकराच्या आकड्यासाठी पानावर जागा शोधली. ती नव्हती, कारण ते पानिपताचं पुस्तक होतं. शेवटी समासात त्यांनी बारीक अक्षरात ११ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

हिनं आतून विचारलं, पुढच्या रविवारी भजी कुणाकडं?