कसब

माधवनगरच्या एका माणसाच्या डोक्यातून ‘कसब’ हा शब्द काही केल्या जात नाही. कारागिराच्या हातात असतं ते कसब. मूळ अरबीत मात्र त्याचा अर्थ कमाई. दहाव्या शतकात इस्लामी धर्मचिंतक अबुल हसन अल-अशअरींनी या शब्दावर केवढा भार टाकला: प्रत्येक कृती अल्लाच निर्माण करतो, माणूस ती फक्त कमावतो.

मुअतझिला या बुद्धिवादी इस्लामी पंथाला हे मान्य नव्हतं. कर्म माणसाचं नसेल तर न्यायी ईश्वर त्याला शिक्षा कशी करील? अशअरींची चिंता उलटी. माणूसही निर्माता ठरला तर तौहीद, ईश्वराचं एकमेवपण, उरतं कुठे? ते स्वतः चाळिशीपर्यंत मुअतझिलाच होते, असं परंपरा सांगते. म्हणजे हा वाद आधी त्यांच्याच मनात पेटला असणार.

आणि मराठी? ती ‘कमावलेला आवाज’ म्हणते आणि त्याच श्वासात ‘गळा देवाची देणगी’ म्हणते. कातडं कमावतात, शरीर कमावतात. यातलं आपलं किती?

हाच प्रश्न मिरजेलाही भेटतो. तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली ते गेले. प्लेगच्या दुखण्यातून ते इथल्या सेवेने उठले, अशी आख्यायिका. बरं कुणी केलं? पिराकडे मागणं हाच तौहीदला धक्का, असं मानणारे मुसलमान आहेत. पीर केवळ मध्यस्थ, देणारा अल्लाच, असं मानणारेही आहेत. उरुसात गवई मात्र येतात, गातात. ते गाणं त्यांचं की त्यांना मिळालेलं, हे माधवनगरच्या त्या माणसालाही ठरवता येत नाही.

सतारमेकर गल्लीत तर गुंता वाढतोच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं; ते कारागिराच्या हाताचं, पण मातीचंही. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर भागातून येतो. त्याचा घेर वेलीने दिलेला. निवडणं, वाळवणं, कापणं हे माणसाचं.

मग जवारी. घोडीवर तारेखाली सुताचा धागा घालायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार अचानक खुलते, जणू आतूनच कुणी बोललं. त्या क्षणी माधवनगरच्या माणसाला अशअरी पटतात. ती जागा सापडायला बोटांना किती वर्षं लागली असतील, हे आठवलं की मुअतझिला.

मधल्या काळात तार उतरते. कारागीर पुन्हा खुंटी पिळायला घेतो.