काकूंचं दुकान आणि कोडचे डबे
आमच्या न्यू जर्सीतल्या एका काकूंचं फराळाचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर चालतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर थीम अपडेट झाली आणि शिपिंगचे दर, भेटीची चिठ्ठी, सगळं गायब! आधीच्या प्रोग्रॅमरने सारा कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये कोंबलेला. अपडेटमध्ये थीमचं अख्खं फोल्डरच बदलतं. (असे महाभाग फार!) मी बॅकअपमधून कोड काढून स्वतंत्र प्लगइन केला. शिपिंगची एक फाइल, चेकआउटची दुसरी, ईमेलची तिसरी. फंक्शनच्या नावाआधी दुकानाचं नाव लावलं, कारण दुसऱ्या प्लगइनमध्ये तेच नाव निघालं की साइट बंद पडते. वूकॉमर्सच्या मूळ फाइल्सना हात न लावता हुक वापरले.
"म्हणजे मसाल्याचा डबाच की रे! पण चकलीच्या ऑर्डरी येतायत ना?"
येत होत्या.