विषय कोणता घेऊ?

जून उजाडला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्याला वेगळाच वास सुटतो. ओल्या छत्र्यांचा, नव्या फायलींच्या प्लॅस्टिकचा, झेरॉक्समधून नुकत्याच निघालेल्या गरम कागदांचा, आणि या सगळ्याखाली, पहिल्या एसटीनं आलेल्या मुलामुलींच्या कपड्यांना चिकटलेला डिझेलचा नि चिखलाचा. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, क्लार्कच्या खिडकीशी रांग लांबत असते, कृष्णाकाठच्या उसाच्या रानांवरून निथळत आलेला करडा उजेड फरशीवर पसरलेला असतो, आणि त्या उजेडात आमच्या विभागाच्या दाराशी कुणीतरी ओढणीचं टोक पिळत, आत जावं की माघारी फिरावं ते ठरवत उभं असतं. शेवटी मैत्रीण मागून ढकलते.

“मॅडम, विषय कोणता घेऊ?”

समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच लागतो. वर्षभर फळ्यासमोर उभं राहून आम्ही सांगत असतो की निवड अशी एकट्यादुकट्याची नसतेच. एमिल दुर्खीमनं १८९७ साली आत्महत्येवरचा ग्रंथ लिहिला आणि ज्या क्षणी माणूस सगळ्यांत एकटा असतो असं आपण धरून चालतो, त्या क्षणातही त्याचं घर, त्याचा धर्म, त्याच्या भोवतीच्या माणसांची वीण घट्ट होती की उसवलेली, हे हजर असतं, असं दाखवून दिलं. हे आम्ही शिकवतो. परीक्षेत त्यावर टीप लिहायला सांगतो. आणि जूनमध्ये त्याच मुलीला खुर्ची पुढं ओढून देत विचारतो, बस, तुला काय आवडतं ते सांग.

फॉर्मवरचा रकाना एवढासा असतो. पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर. नव्या शैक्षणिक धोरणानं आणलेलं क्रेडिटांचं गणितही असतं: थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, तीन वर्षांच्या पदवीला १३२ पर्यंत, ऑनर्सचं चौथं वर्ष केलं तर १७६ पर्यंत. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण त्या एवढ्याशा रकान्यात निळ्या शाईनं ‘समाजशास्त्र’ उमटतं, तेव्हा मला त्या अक्षरांमागं दिसत राहते साडेतीनची गाडी, जी चुकली तर पुढची साडेपाचला, म्हणून प्रॅक्टिकल असलेले विषय नकोत. दिसतो बारावीला इंग्रजीत काठावर सुटलेला भाऊ, ज्यानं घरात सांगून ठेवलंय की हा पेपर मराठीतून लिहिता येतो. दिसते जुन्या नोट्सची वही, चुलत बहिणीच्या हस्ताक्षरातली, कोपरे दुमडलेली, भाजीचा डाग पडलेली, जी फुकट मिळणार आहे. आणि दिसते आई, जिला विषयाचं नाव नीट उच्चारता येत नाही पण मुलीला हे माहीत आहे की संध्याकाळच्या धारेच्या वेळी आपण घरी असलो तरच हे कॉलेज चालू राहील. एवढी सगळी माणसं मिळून तो एक शब्द लिहितात.

पेन मात्र तिच्या हातात असतं.

म्हणून मी विचारतेच. काय आवडतं? आणि मग जी शांतता पडते तिची मला आता ओळख झाली आहे. पोरगी आधी टेबलावरच्या काचेखालच्या वेळापत्रकाकडं बघते, मग खिडकीकडं, मग आपल्याच नखांकडं. घरी तिला जेवलीस का, आलीस का, किती मार्क पडले, एवढंच विचारलेलं असतं, आणि त्यातही माया असतेच. पण आवडीचं कुणी विचारलं की तिला आधी ती कुठं ठेवली आहे हेच शोधावं लागतं, जसं माळ्यावर टाकलेलं, कधीच न वापरलेलं लग्नातलं भांडं पाहुणे आल्यावर हुडकावं लागतं. वेळ लागतो. मी लागू देते. बाहेर पाऊस कमी-जास्त होत राहतो.

या लागलेल्या वेळाची नोंद कुठं होत नाही. आमच्याकडं मेंटॉर-मेंटी योजना आहे, तिची डायरी आहे, नॅकची समिती येणार म्हटलं की त्या डायरीला सुगीचे दिवस येतात. तारीख, समस्या, समुपदेशन, निष्पत्ती, सही. ‘निष्पत्ती’च्या चौकटीत मी वर्षानुवर्षं ‘समाधानकारक’ लिहीत आले आहे. एखाद्या मुलीनं दहा मिनिटं गप्प राहून मग हळूच म्हटलं, “मला माणसं कशी वागत्यात ते बघायला आवडतं,” तर ते कुठल्या चौकटीत घालायचं?

वडील येतात तेव्हा गोष्ट सरळ असते. टोपी मांडीवर ठेवून ते विचारतात, “नोकरी लागंल का यावर?” या प्रश्नाला नाकं मुरडणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. ज्याच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावं आहेत, त्यानं नाही विचारायचं तर कुणी? मी सांगते. बी.एड. आहे, एम.एस.डब्ल्यू. आहे, मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९३६ पासूनची. सरकारी भरत्या आहेत. यूपीएससीला वैकल्पिक म्हणून हा विषय घेता येतो, दोन पेपर, ५०० गुण. आकडे ऐकून त्यांचा चेहरा जरा मोकळा होतो. खरं तर त्यांना यादी नको असते. पोरीचं वर्ष फुकट जाणार नाही, एवढं कुणीतरी शिकलेल्या माणसानं तोंडानं म्हणावं, असं वाटत असतं.

मुलांचे अडथळे वेगळे. एक होता, पाठीमागच्या बाकावरचा, सेमिनारच्या नावानं चळचळा कापायचा. “मॅडम, पेपर वाचायला मला नका लावू. विषयच बदलतो.” शर्टाच्या खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला. मी त्याला विचारलं, बाबासाहेबांनी जातीवरचा त्यांचा तो पहिला निबंध कुठं वाचला, ठाऊक आहे? सभेत, तो म्हणाला. सभेत नाही. ९ मे १९१६, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा सेमिनार. पंचविशीतला विद्यार्थी, परक्या देशात, परक्या भाषेत, भारतातल्या जातींची घडण आणि उगम यावर आपला कागद वाचतो आहे. तुझ्यासारखाच, सेमिनार पेपर. पोरगा बराच वेळ बिल्ल्याकडं खाली बघत राहिला. निळ्या कोटातला, हातात ग्रंथ घेतलेला तो पुतळा त्यानं जन्मापासून पाहिला होता. वही घेऊन वर्गात बसलेला तरुण त्याला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला असावा. विषय त्यानं बदलला नाही. पेपर वाचताना आवाज कापलाच. वाचला मात्र शेवटपर्यंत.

कधी कधी दुपारी, तास संपून कॉलेज ओस पडल्यावर, शिपाई बादल्या आपटत असताना, मी आमच्या विषयाच्या पूर्वजांचा विचार करत बसते. तेही कुणाच्या तरी दाराशी असेच घुटमळले असतील. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतचे एम.ए. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस नावाचा दाढीवाला स्कॉटिश माणूस तिथं आला, आणि त्याच्या शिफारशीनं हा संस्कृतचा माणूस समाजशास्त्र शिकायला विलायतेला निघाला. लंडनमध्ये मन रमेना. केंब्रिजला गेला, तिथं मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स भेटले, गुरू सापडल्यासारखं झालं, आणि १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले. प्रबंध अर्धा, गुरू गेलेला, नदीकाठचं ते धुकं, आणि खोलीत एकटा कोकणी तरुण. पुढं हॅडन यांनी हाताखाली घेतलं, काम पुरं झालं, १९२४ मध्ये घुर्ये मुंबईत विभागाच्या खुर्चीवर बसले आणि मग कित्येक दशकं पोरं त्यांच्या दाराशी घुटमळू लागली. मधल्या त्या काही आठवड्यांत, एक गुरू गेला आणि दुसरा अजून मिळाला नाही, तेव्हा त्यांना कुणी काय सांगितलं असेल? मला तेवढंच ऐकायचं असतं.

त्यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास. म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात १९४८ साली राहून केलेलं काम, त्यावर पुढं वर्षानुवर्षं बसून घडवलेली टिपणं. २४ एप्रिल १९७० ला, ते स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात असताना, तिथं कुणीतरी आग लावली आणि त्या टिपणांच्या प्रतींची राख झाली. तेव्हा तिथंच असलेल्या सोल टॅक्स या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांना सुचवलं की आता केवळ आठवणीवर लिहा. १९७६ मध्ये पुस्तक आलं, आठवणीतल्या गावाचं. माझ्या लेखी सल्ला म्हणावा तो हा. कुठला रस्ता चांगला, कशाला वाव आहे, कशाला मागणी आहे, यातलं त्यात काही नाही. तुमच्याजवळ आहे ते अजून तुमच्याजवळच आहे, इतकंच त्या माणसानं सांगितलं, आणि तेही राख गरम असताना.

गेल्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. नातेसंबंधांचा तास होता. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेघा, असं फळ्यावर काढून दिलं आणि म्हटलं, आपापल्या घराची आकृती काढून आणा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आलेखाचा कागद घेऊन विभागात आली. टोकदार पेन्सिलीनं, एकाही खाडाखोडीशिवाय काढलेली आकृती. पणजी दोन, त्यांतल्या आईकडच्या वर्तुळात नुसतं प्रश्नचिन्ह, कारण लग्नात बदललेलं नाव साऱ्यांना आठवत होतं, माहेरचं कुणालाच नाही. खाली तिचं स्वतःचं वर्तुळ, आणि तिथून कागदाच्या दुसऱ्या कडेला, आत्याच्या वर्तुळाखालच्या त्रिकोणापर्यंत गेलेल्या दोन रेघा. तुटक.

“हे काय गं?”

“ठरलंय मॅडम. झालं न्हाई अजून, म्हणून तुटक काढल्या.”

कपाटातून मी इरावती कर्व्यांचं नातेव्यवस्थेवरचं जुनं पुस्तक काढलं, १९५३ चं. इरावतीबाईही घुर्यांच्याच विद्यार्थिनी. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी, हे सांगितल्यावर पोरगी हसली. पुस्तकातला महाराष्ट्राचा भाग उघडून तिला मराठीतून समजावून दिला: मुलानं मामाची मुलगी केलेली आपल्याकडं चालते, आत्याची बहुतेक ठिकाणी चालत नाही, उत्तरेत दोन्ही नाहीत, दक्षिणेत दोन्ही. ती ऐकत होती. तिचं बोट आपल्याच कागदावरून, त्या तुटक रेघांवरून, पुढंमागं फिरत होतं. खिडकीतून येणारं फाल्गुनातलं ऊन कागदावर पडलं होतं, कारखान्याकडून मळीचा उग्र-गोड वास येत होता, आणि मला दिसत होतं की कालपर्यंत जे फक्त तिचं होतं, आत्यानं लहानपणीच गालाला हात लावून ठरवलेलं, ते आता नद्या, डोंगर, भाषा ओलांडून पसरलेल्या एका मोठ्या नकाशात जाऊन बसलं होतं.

“म्हणजे मॅडम, हे माझ्याआधीच लिहून ठेवलेलं हाय.”

तिला बरं वाटलं की राग आला, मला आवाजावरून कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. बऱ्याच वेळानं तिनं पिशवीतून फॉर्म काढला. दुसऱ्या वर्षाला मेजर कोणता घेऊ, मराठी की हे? मराठीच्या सरांनी नोट्स देतो म्हटलंय. आणि लग्न वैशाखात धरलंय.

माझ्यातली समाजशास्त्राची बाई एव्हाना सगळी वाक्यं जुळवून बसली होती. विवाहाचं वय, स्थलांतर, स्त्रियांच्या शिक्षणातली गळती, सगळी परिच्छेदांची घडी तयार. ती बाजूला सारून मी विचारलं, “आत्याच्या गावाहून इकडं गाडी आहे?”

ती चमकली. “मुक्कामी हाय. सकाळी सहाला सुटती.”

“आणि आकृती काढताना कसं वाटलं?”

“रातचे बारा वाजले. कळलंच न्हाई.” मग थोडं थांबून, “आजीला उठवून नावं विचारत हुते. आजी बी जागी राहिली.”

“मग मेजर हेच लिही. आणि लग्नाची तारीख पेपर झाल्यावरची धरायला सांग.”

“कुणाला सांगू?”

“आत्याला. सासू व्हायचीय अजून. आज ती आत्याच आहे.”

ती खुदकन हसली, मग हसू आवरून विचारात पडली. “आत्या ऐकंल मॅडम. मामांचं काय सांगता येत न्हाई.”

“मग मामांना घेऊन ये इथं. चहा मी पाजते.”