चार तळहात

माझ्याकडे २०१३ सालची टोयोटा जीटी८६ आहे. सेकंड हँड. हायडलबर्गला नोकरी लागून दोन वर्षं झाल्यावर घेतली. घरी फोटो पाठवला तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न होता, "मागं माणूस बसतो का?" मी म्हटलं, नाही, पिशव्या बसतात. "मग एवढे पैसे कशाला घातलेस?" याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही.

अण्णांनी तीस वर्षं ट्रक चालवला, जास्त करून कराड ते बंगळूर. निघायच्या आधी टॉमीनं प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. मी शेजारी उभा असायचो. मला सगळे ठोके सारखेच वाटायचे. पुढे मी इंजिनिअरिंग करून कोड लिहायला लागलो आणि टायर या विषयावर आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तर ही गाडी. दोनशे हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना, आणि कंपनीतून आलेले टायर फक्त २१५ मिलिमीटर रुंद. तसलेच टायर प्रियसलाही मिळायचे, म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गाडीला. हा कंजूषपणा नव्हता. पकड कमी ठेवली की बेताच्या वेगातही गाडी घसरायला लागते, आणि ती घसरण सांभाळण्यातच मजा आहे, असा टोयोटाच्या लोकांचा हिशेब होता.

हॉकनहाइमचा ट्रॅक माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. एक फेरी साडेचार किलोमीटरची. तिथे पैसे भरून आपली गाडी पळवता येते. पहिल्या वर्षी मी त्या बारीक टायरांवर दिवसभर किंचाळत फिरलो. किंचाळत म्हणजे टायर. मीही थोडा. पण घरगुती दिसणाऱ्या हॅचबॅक गाड्या बाहेरून ओव्हरटेक करून जायला लागल्या की मजा किती वेळ पुरणार? दुपारच्या जेवणाच्या रांगेत जो भेटेल तो एकच सांगायचा: टायर बदल.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडला. अकरावीत आपण सगळ्यांनी पाठ केलंय की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. मग रुंद टायर कशाला? त्यात गणित केलं तर आणखीच गंमत. गाडी आणि मी मिळून साधारण तेराशे किलो, म्हणजे एका चाकावर सव्वातीनशेच्या आसपास. हवा २.४ बार. भागाकार केला की एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग येतो जेमतेम १३५ चौरस सेंटिमीटर, साधारण एका पंजाएवढा. आख्खी गाडी चार तळहातांवर उभी असते. आणि हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तरी तळहात फारसा मोठा होत नाही. फक्त लांबीला कमी, रुंदीला जास्त होतो.

पण रबर पुस्तकातला तो ठोकळा नाही. त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. वळणात वजन बाहेरच्या दोन चाकांवर जातं, तिथे वाढलेली पकड आतल्या चाकांवर गमावलेल्या पकडीची भरपाई करू शकत नाही. रुंद टायर हा तोटा कमी करतो. शिवाय त्याला हवा कमी ठेवता येते, आणि रबर मऊ असलं तरी ते उष्णतेनं लगेच हात टेकत नाही.

एवढं कळल्यावर मी २४५/४० ठरवला. बाहेरचा व्यास जुन्यापेक्षा जेमतेम अडीच मिलिमीटर जास्त, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस गोंधळणार नाहीत. रिम सात इंचांवरून नऊ इंचांवर. या वाढलेल्या दोन इंचांना कुठेतरी जागा हवी. ऑफसेट ४८ वरून ४२ घेतला तर चाक बाहेर ३१ आणि आत १९ मिलिमीटर सरकतं. बाहेर मडगार्ड, आत शॉकअब्सॉर्बर. मी यासाठी एक स्प्रेडशीट केली. ऑफिसच्या कुठल्याही कामासाठी मी तेवढी सुंदर स्प्रेडशीट केलेली नाही. जर्मनीत अशी जोडी तपासून गाडीच्या कागदांवर चढवून घ्यावी लागते, नाहीतर गाडीची रस्त्यावर यायची परवानगीच जाते. पहिल्या तपासणीत उजवं पुढचं चाक स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासलं. दोष माझ्या स्प्रेडशीटचा होता. दुसऱ्या खेपेला शिक्का मिळाला.

सप्टेंबरात ट्रॅकवर गेलो. बहुतेक ट्रॅक डेला वेळ मोजायला मनाई असते, म्हणून मी फोनच्या जीपीएसवर वळणातला वेग तेवढा बघायचो. पहिलं वळण, नोर्डकुर्वे. जुन्या टायरांवर तिथे कमीत कमी १२१ असायचा. आता १३०. हॅचबॅकवाल्यांना आरशात बघत होतो. दुपारपर्यंत मी स्वतःला चांगला ड्रायव्हर समजायला लागलो होतो, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

तिसऱ्या सेशनला मी त्याच वळणात जरा जास्त वेगानं घुसलो, घाबरलो, आणि वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर सोडला. जुने टायर अशा वेळी आधी कुरकुरायचे, मग ओरडायचे, मग हळूच मागची बाजू सोडायचे. सावरायला वेळ द्यायचे. हे टायर काहीच बोलले नाहीत. पकड होती, होती, आणि नव्हती. गाडी दीड वेळा गरकन फिरली आणि बाहेरच्या डांबरी मोकळ्या जागेत उलट तोंड करून थांबली. कशालाही लागली नाही. समोरून, म्हणजे खरं तर मागून, एक पोर्शे आली आणि शेजारून निघून गेली. माझ्या विम्यात ट्रॅक बसत नाही. कर्जाचे चौदा हप्ते बाकी होते. पाय इतका थरथरत होता की क्लच दाबून गाडी चालू करायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

९ किलोमीटरचा फरक म्हणजे वेगात साडेसात टक्के, पण ऊर्जेत १५. चूक मी तीच केली होती, जी मी वर्षभर करत आलो होतो. ती मला तोवर चूक म्हणून कळलीच नव्हती.

घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. पण पुढचे टायर बाहेरच्या कडेला भलतेच झिजले होते, तेवढं विचारावं म्हणून मी अण्णांना चारही टायरांचे फोटो पाठवले. व्हिडिओ कॉल आला. चष्मा कपाळावर, फोन नाकाला लागलेला.

"पुढचा कडेनं खाल्लाय. चाक सरळ उभं आहे तुझं. वळताना टायर कडेवर जातोय, मधलं रबर फुकट."

बरोबर होतं. या गाडीला कंपनीतून पुढे कॅम्बर जवळजवळ नसतोच. मी रुंदी विकत घेतली होती आणि वळणात वापरत होतो फक्त कड.

"आणि मागच्यावर हे आडवे ओरखडे कसले?"

मी गप्प.

"फिरलास काय रे?"

"हो अण्णा."

बराच वेळ त्यांनी फोन खाली धरला होता. मला फक्त पंखा दिसत होता.

"खंबाटकीला एकदा मी पण फिरलोय. भरलेली गाडी होती. तुझ्या आईला माहीत नाही," ते म्हणाले. मग, "जुने टायर टाकलेस का?"

"तळघरात आहेत."

हिवाळ्यात मी पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्ट बसवले. रुंद टायर वाईट नाहीत, ते मी परत लावणार आहे. पण एप्रिलच्या पहिल्या ट्रॅक डेला २१५ वरच गेलो आणि दिवसभर एकच काम केलं: वळणाच्या मध्यावर पाय स्थिर ठेवायचा. पंधरा फेऱ्यांत चारदा चुकलो, चारही वेळा टायरांनी आधी सांगितलं. हॅचबॅक बाहेरून गेल्या.

संध्याकाळी आतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ अण्णांना पाठवला. त्यांनी तो दोनदा बघितला, दुसऱ्यांदा डोळे मिटून.

"वरडतोय की चांगला," म्हणाले. "डावा जरा जास्त वरडतोय. हवा बघ."

बघितली. डावीकडे ०.२ बार कमी होती.