कांडीवरचा बाप

"अस्सल देवणी हाय भाऊ, डोळे झाकून न्या," कालवडीच्या पाठीवर हात फिरवत मालक म्हणाले. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत, त्यांच्या गोठ्यात मी उभा होतो. कालवडीचं अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, म्हणजे देवणी जातीतली वानेरा. सगळी पांढरी असती तर बालंक्या, अंगावर काळे ठिपके असते तर शेवरा.

"हिचा बाप कोणता?"

मालक हसले. हिची आजी त्यांच्या वडिलांनी बाजारातून आणलेली, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढं मात्र घोळ. सकाळी डॉक्टरांनी हिच्या आईला वळूच्या वीर्याची कांडी भरली आणि सांजच्याला गावचा वळू दावं तोडून गोठ्यात आला!

मुळात देवणीच मिसळणीतून घडलेली. गीर, डांगी आणि इथल्या गावरान गायी तिच्या मुळाशी आहेत, असं मानतात. लोंबते कान गीरचे, काळेपांढरे डाग डांगीचे. शेजारची लालकंधारी म्हणे चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजानं जोपासली. चौथ्या शतकातला राजा सांगता येतो, तीन वर्षांमागचा वळू नाही.

अमेरिकेत मिल्क स्नेक हा बिनविषारी साप पाळणाऱ्यांची हीच गत. हौसेपायी उपजाती एकमेकींत मिसळल्या, आणि पट्ट्यांवरून पिल्लाचं कूळ सांगणं अवघड झालं. त्यात 2014 मध्ये संशोधकांनी डीएनए तपासून एका जातीच्या सात जाती मांडल्या, जुन्या उपजाती मोडीत काढल्या. हा साप गायीचं दूध पितो या खोट्या समजातून त्याला ते नाव पडलं. आपल्याकडे तोच आळ बिचाऱ्या धामणीवर!

पुन्हा कांडीकडे येऊ. ती पाव मिलिलिटरची, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली. तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला असतो. काम झालं की ती उकिरड्यावर जाते. कानातल्या बिल्ल्याचे 12 आकडे गाय कोणती ते सांगतात. बाप मात्र कुणी नोंदवला असेल तरच कळतो. डीएनएवरून ताडायचा तर वळूचा नमुना हवा, आणि गावचा वळू केव्हाच विकला गेला होता.

बांधा आवडला म्हणून कालवड मी घेतली. अस्सलपणाचे वेगळे पैसे दिले नाहीत, मालकांनीही ताणलं नाही. आता ती गाभण आहे. यंदाच्या कांडीचा क्रमांक मी वहीत उतरवलाय. तुमच्या गोठ्यातली गाय भरवाल तेव्हा कांडी फेकण्याआधी तेवढं करा.