दुसरा पडदा

माझ्या मेजावर सध्यां दोन पडदे आहेत, आणि त्यांतला एक अजिबात कामाचा नाहीं असें आमच्या घरांतल्या मंडळींचें स्पष्ट मत आहे. वरवर पाहतां तें खरेंहि आहे. डावीकडच्या पडद्यावर मी बसल्या बसल्या शंभर उद्योग करूं शकतों. चित्रांचे तुकडे तोडतों, जोडतों, मागेंपुढें सरकवितों, आवाज चढवितों, उतरवितों. उजवीकडचा पडदा मात्र नुसता दाखवितो. त्याच्यावर ना बटणें, ना याद्या, ना बाण. पन्नाशीनंतर माणसानें एखादा छंद लावून घ्यावा हें आमच्या सौभाग्यवतीला मान्य आहे. पण त्या छंदाला दोन दोन पडदे कशाला लागतात, हें तिला कळत नाहीं. "अहो, एकावर दिसत नव्हतं म्हणून का दुसरा आणलात?" असें तिनें विचारलें तेव्हां मी नुसता हंसलों. पण त्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर "हो" असेंच होतें.

चलच्चित्राचें संकलन ज्यांनीं कधीं केलेलें नाहीं अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा करतों. संगणकावर हें काम सुरू झालें म्हणजे पडद्यावर जी गर्दी उसळते ती लग्नघरासारखी असते. एका बाजूला सगळ्या तुकड्यांची पेटी. खालीं टाइमलाइन नांवाचा लांबच लांब पट्टा, त्यावर चित्रांचे आणि आवाजाचे रंगीबेरंगी ठोकळे मांडलेले. जेथें जागा उरेल तेथें आलेख, खुंट्या, याद्या. आणि जिच्यासाठीं हा सारा समारंभ, ती फिल्म मात्र एका कोंपऱ्यांत, पोस्टकार्डाएवढ्या चौकटींत, अंग चोरून बसलेली! नवरीलाच बसायला पाट मिळूं नये, तसा प्रकार. डोळ्यांना याची हळूहळू संवय होते, आणि मग माणूस चित्र पाहिनासा होतो. तो ठोकळे पाहूं लागतो. ठोकळा लांब वाटला कीं तोडावा, दोन ठोकळ्यांत फट दिसली कीं बुजवावी. हत्यार हातांत असलें म्हणजे समोरची प्रत्येक वस्तु कापण्यासाठींच आहे असें वाटूं लागतें, हें भाजी चिरणाऱ्यापासून शस्त्रवैद्यापर्यंत सर्वांना ठाऊक असेल.

माझ्या बाबतींत हा प्रश्न एका निमित्तानें उभा राहिला. माझी आत्या आतां ऐंशीच्या पुढें गेली आहे. १२ जुलै १९६१ या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणहि नेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. तेव्हां ती सतरा वर्षांची होती आणि नारायण पेठेंतल्या एका वाड्यांत आईवडिलांजवळ राहत होती. वाडा गेला, माणसें वांचलीं. त्या दिवसाविषयीं आमच्या घरांत इतक्या वेळां बोलणें झालें आहे कीं तें सर्वांना पाठ आहे. पण पाठ असणें आणि साठवून ठेवणें या दोन गोष्टी निराळ्या. म्हणून गेल्या दिवाळींत मीं तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसविलें, समोर कॅमेरा ठेवला, आणि दोन दुपारीं मिळून जवळजवळ तीन तास तिला बोलतें केलें. त्यांतून पंचवीस मिनिटांची फिल्म करून नातेवाइकांना द्यावी, एवढाच बेत.

त्या तीन तासांत एक जागा अशी आहे. "पाणी ओसरल्यावर परत गेलात, तेव्हां घरांत काय होतं?" असें मीं विचारलें आहे. "घरांत—" एवढें म्हणून आत्या थांबते. अकरा सेकंद थांबते. मग "चिखल होता," असें म्हणून पुढें बोलूं लागते. टाइमलाइनवर बोलण्याची रेघ दाट गवतासारखी उभी असते. या अकरा सेकंदांपुरती ती मुंडण केल्यासारखी सपाट होती.

माझा पुतण्या या विद्येचें रीतसर शिक्षण घेतो आहे. तो खांद्यावरून डोकावून म्हणाला, "काका, हे अकरा सेकंद काढून टाका. पाहणाऱ्याला वाटेल, फिल्म अडकली." त्याचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. प्रेक्षकाचा धीर किती असतो हें त्याच्या पिढीला आमच्यापेक्षां अधिक नेमकें कळतें, आणि दोन-तीन सेकंदांचें थांबणें अर्थ सांगायला पुरतें हाहि नियम कांहीं खोटा नाहीं. तरी माझा हात वळेना. उद्यां आमच्या घरांत जीं मुलें जन्मतील आणि जीं तिला कधींच भेटणार नाहींत, त्यांची पणजी, त्यांची आत्याआजी, म्हणजे हींच पंचवीस मिनिटें. त्यांत ती चटचट उत्तरें देणारी बाई म्हणून राहायची, कीं एका प्रश्नापाशीं अकरा सेकंद अडणारी म्हणून, याचा निकाल माझ्या एका बोटावर होता. आणि तो निकाल पोस्टकार्डावर पाहून लावायचा नाहीं, एवढें मीं ठरविलें.

दुसरा मॉनिटर आणला तो चोवीस इंची, साधाच. केबल जोडणें हा त्यांतला सर्वांत सोपा भाग. संगणकाला दुसरा पडदा मिळाला कीं तो कधीं पहिल्याचीच प्रतिकृति त्यावर उमटवितो. म्हणजे एक लग्नघर होतें, त्याचीं दोन झालीं. म्हणून आधीं त्याला सांगावें लागतें कीं बाबा, हा आरसा नव्हे, ही शेजारची खोली आहे. विंडोजच्या खुणेची कळ आणि ‘पी’ हें अक्षर एकदम दाबलें कीं तशी निवड पुढें येते. त्यानंतर संकलनाच्या प्रणालींत जाऊन, नुसतें स्वच्छ चित्र तेवढें त्या खोलींत पाठव, असें बजावायचें. मी वापरतों त्या प्रीमियर प्रो या प्रणालींत या व्यवस्थेला ‘मर्क्युरी ट्रान्समिट’ असें भारदस्त नांव आहे. देवांच्या दूताचें नांव धारण करून तो बिचारा तीन फुटांवर निरोप पोंचवितो.

निरोप पोंचला, पण आत्या अडखळत हलूं लागली. बोलतांना नव्हे, मान वळवितांना, डोळे फिरवितांना. याचें कारण पुतण्यानें सांगितलें आणि मला तें फार आवडलें. आमच्या कॅमेऱ्यानें एका सेकंदाला पंचवीस चित्रें टिपलीं होतीं. मॉनिटर एका सेकंदांत साठ वेळां आपलें चित्र ताजें करतो. आतां पंगतींत पंचवीस पानें आणि वाढायला साठ लाडू असले तर काय होईल? कोणाच्या पानावर दोन पडतील, कोणाच्या पानावर तीन. प्रत्येक चित्राच्या वांट्याला सारखा वेळ येत नाहीं, म्हणून गति अडखळते. मॉनिटरला पन्नासावर आणलें कीं सगळ्यांना दोन दोन, आणि पंगत सुरळीत! हा आंकडा बदलतांच आत्येची नजर तेल घातलेल्या बिजागरीसारखी फिरूं लागली.

मग काळ्या रंगाचें भांडण. तिच्या मागच्या कपाटाची सावली राखाडी दिसत होती, तिच्या साडीचे काळे कांठ विटल्यासारखे. चित्राच्या उजेडाचे आंकडे मोजण्याच्या दोन रीती आहेत: एक शून्यापासून २५५ पर्यंत मोजते; दुसरी, दूरचित्रवाणीच्या परंपरेंतून आलेली, १६ ला काळें आणि २३५ ला पांढरें मानते. संगणक एका रीतीनें बोलत होता आणि मॉनिटर दुसऱ्या रीतीनें ऐकत होता. एकानें आण्यांत हिशेब सांगावा आणि दुसऱ्यानें तो पैशांत मांडावा, तसें. दोघांना एका भाषेवर आणलें आणि काळें काळें झालें.

रंगांचें प्रकरण याहून नाजूक. नवे मॉनिटर दुकानांत गिऱ्हाइकाचे डोळे दिपावेत अशा बेतानें पुष्कळदां लावलेले असतात: फार उजळ आणि निळसर. त्या उजेडांत आत्येचा चेहरा विषमज्वरांतून उठल्यासारखा दिसत होता. दूरचित्रवाणीसाठीं १९९० सालीं ‘रेक. ७०९’ नांवाचें एक आंतरराष्ट्रीय मान ठरलें. त्यांत तांबडा, हिरवा, निळा म्हणजे नेमके कोणते, आणि पांढरा कशाला म्हणायचें, हें सारें आंकड्यांत बांधलें आहे. तो पांढरा सुमारें ६५०० केल्विनचा. अंधुक खोलींत काम करणारे लोक पडद्याचा उजेड १०० निट्सच्या आसपास ठेवतात. पुतण्यानें कॉलेजांतून एक रंगमापक उसना आणला. तो छातीवर नळी टेकविणाऱ्या डॉक्टरासारखा पडद्यावर लोंबकळत ठेवला. आणि वीसेक मिनिटांत आत्येला तिचा गव्हाळ वर्ण परत मिळाला. या सगळ्यापेक्षां घरचा मोठा टीव्ही जोडावा, अशीहि एक सूचना आली होती. त्यानें चालतें, पण पुष्कळ नवे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधें तिसरें चित्र आपल्या मनानें रचून घालतात, आणि त्या खटाटोपांत चित्र आवाजाच्या मागें पडतें. तें कौशल्य आधीं बंद करावें लागतें. साक्षीदारानें पदरचें बोलूं नये.

हा सारा खटाटोप पाहून कोणाला वाटेल कीं ही आजची चैन आहे. तसें नाहीं. इवान सेरुरिये नांवाचे, जन्मानें डच आणि अमेरिकेंत स्थायिक झालेले एक इंजिनियर होते. त्यांनीं १९१७ च्या सुमारास लोकांना घरीं चित्रपट पाहतां यावेत म्हणून ‘मूव्हिओला’ हें यंत्र काढलें. किंमत इतकी कीं घरोघरीं तें कोणी घेईना. १९२४ सालीं डग्लस फेअरबँक्सच्या चित्रशाळेंतल्या संकलकानें तें हेरलें आणि पुढें कित्येक दशकें सिनेमाच्या जगांत संकलन म्हणजे मूव्हिओला असें समीकरण झालें. त्याची कांच तळहाताएवढी. तेव्हां दिवसभर तळहातावर काम करायचें आणि मग उठून प्रेक्षागृहांत मोठ्या पडद्यावर तें पाहायचें, ही त्या लोकांची रीत होती. म्हणजे दोन पडदे त्यांनाहि होतेच. मधें फक्त एक जिना नाहींतर अंगण होतें. तो जिना आपल्या मेजावर आला, इतकेंच. मला तर वाटतें, त्या जिन्याचाहि कांहीं उपयोग असावा. कात्री टाकून चालत जातां जातां कारागिराचा प्रेक्षक होत असेल.

"पण काका, पाहणार सगळे फोनवरच," असें पुतण्या म्हणाला. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याजवळ मोठ्या माणसाचें उत्तर आहे. ‘अपोकॅलिप्स नाउ’ या १९७९ सालच्या चित्रपटाचे एक संकलक वॉल्टर मर्च यांनीं आपल्या पुस्तकांत सांगितलें आहे कीं ते कागदाचीं दोन चिमुकलीं माणसें, एक पुरुष आणि एक स्त्री, कापून आपल्या छोट्या पडद्याच्या दोन बाजूंना लावीत. तीं प्रेक्षकांच्या मापाचीं. त्यांच्याशेजारीं तो पडदा एकदम चित्रपटगृहाएवढा होई, आणि कोणत्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचें तें कळे. फोनवर पाहणारा आपल्या वाटेनें जाईल. पण ज्यानें कापायचें त्यानें तरी सबंध पाहिलेलें असावें.

एका रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही दोघे बसलों. डावा पडदा मीं मुद्दाम विझविला. उजवा तीन फुटांवर. पडद्याच्या उंचीच्या सुमारें तिप्पट अंतरावरून पाहावें असा ठोकताळा आहे. दिवा मालवला. "घरांत—" असें म्हणून आत्या थांबली.

पोस्टकार्डावर ती नुसती गप्प बसलेली होती. येथें ती गप्प नव्हती. तिची नजर कॅमेऱ्यावरून सुटली आणि डावीकडे खालीं गेली. तेथें किंचित् थांबली. मग थोडी वर, तेथें थांबली. मग उजवीकडे उंच, एखाद्या फळीवर जावी तशी. हनुवटी हलत नव्हती, फक्त डोळे. त्यांच्याबरोबर उजव्या हाताचीं बोटें पदराच्या कांठाला बारीक बारीक चुण्या घालीत होतीं, एका थांब्याला एक. शेवटीं नजर परत आली, चुण्या सुटल्या, आणि ती म्हणाली, "चिखल होता." सतराव्या वर्षीं पाहिलेल्या दोन खोल्यांतून ती एक फेरी मारून आली होती, आणि आम्हांला त्या फेरीचा फक्त गोषवारा तिनें सांगितला.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "आत्याआजी सात ठिकाणीं थांबली. मी मोजलं." आणि त्यानें आपण होऊन डावा पडदा उजळला, अकरा सेकंदांचा ठोकळा तेथेंच ठेवला, आणि त्याच्याखालीं मीं हौसेनें घातलेली सतार मात्र काढून टाकली. सतारीबद्दल मला थोडें वाईट वाटलें.

गेल्या रविवारीं आत्येला बोलावून फिल्म दाखविली. उजव्या पडद्यासमोर खुर्ची मांडली. आपला आवाज ऐकून ती आधीं लाजली, मग साडीच्या निवडीबद्दल स्वतःवरच रागावली. अकरा सेकंद आले तेव्हां मीं तिच्याकडे पाहिलें नाहीं. तें पाहणें बरें दिसलें नसतें. फिल्म संपल्यावर तिनें चष्मा पुसला.

"लोणचं कुठं गेलं?" तिनें विचारलें.

वरच्या आळींतल्या एका बिऱ्हाडानें त्यांना आठ दिवस घरीं ठेवून घेतलें होतें. त्यांच्याकडच्या कैरीच्या लोणच्याची आणि ती बरणी कोणी फोडली याची हकीकत तिनें सांगितली होती.

"लांबत होतं म्हणून काढलं, आत्या."

"लांबत होतं? अरे, ते आठ दिवस लांबतच होते."

ती बरणी अजून डावीकडच्या पेटींत आहे, चाळीस सेकंदांची. आज दुपारीं ती उजवीकडे लावून पाहणार आहें.